सोमवारचा बाजार, मंगळवारचा पेपर

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा बाजार सोमवारी भरतो. पहाटेपासून कल्याण–नगर रस्त्यावर टेम्पोंची रांग लागते. काही आळेफाट्याकडून येतात, काही आण्याचा घाट उतरून पारनेरच्या बाजूने. बैलांच्या तोंडात हात घालून दात पाहिले जातात, ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ असे शब्द कानावर पडतात, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतात. दुपारपर्यंत लाखोंचे व्यवहार होतात. संध्याकाळी मैदानात शेण, पेंढ्या आणि तुटलेल्या वेसण्या उरतात.

मंगळवारी सकाळी पेपर येतो. त्यातल्या तालुक्याच्या पानावर खालच्या कोपऱ्यात कधी चार ओळी असतात: बेल्हे, ता. अमुक, येथील आठवडे बाजारात बैलांची आवक वाढली, भाव तेजीत. कधी त्याही नसतात. बाजारात आदल्या दिवशी हजारो माणसं वावरली आणि कागदावर चार ओळी उतरल्या. मधल्या मधे काय गळलं, कुणी गाळलं, उरलेल्या चार ओळी कुणी वाचल्या आणि वाचून काय केलं, या प्रश्नांवर विद्यापीठांतली माणसं आयुष्य घालवतात. वृत्तपत्रांचं संशोधन म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला बेल्ह्याच्या बाजाराएवढी सोयीची जागा दुसरी दिसत नाही.

हा उद्योग जुना आहे. जर्मनीतल्या लाइप्त्सिक विद्यापीठात टोबियास पॉइसर याने १६९० साली वृत्तपत्रांवर लॅटिनमध्ये प्रबंध सादर केला. वृत्तपत्रांवरचा जगातला पहिला प्रबंध म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. बातमी खरी कशी ओळखावी, कोणती छापावी आणि कोणती छापू नये, हे प्रश्न त्याने तेव्हाच मांडले होते. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघायला अजून १४२ वर्षं होती. पुढे १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन गिल्मर स्पीड यांनी तिथल्या चार वृत्तपत्रांचे १८८१ आणि १८९३ मधले अंक शेजारी ठेवले आणि कोणत्या विषयाला किती रकाने मिळाले, ते मोजलं. धर्म, साहित्य यांची जागा आकसली होती आणि चहाटळकीची वाढली होती. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१० मध्ये फ्रांकफुर्टच्या परिषदेत वृत्तपत्रांच्या मोठ्या पाहणीची योजना मांडली आणि सुरुवात कात्री आणि कंपास घेऊन करावी लागेल, असं बजावलं. ती पाहणी पूर्ण झाली नाही. कात्री मात्र राहिली.

कात्रीच्या जोडीला लागते मोजपट्टी. मजकुराचं माप कॉलम सेंटीमीटरमध्ये घेतात: रकान्याची रुंदी ठरलेली, उंची मोजायची. जाहिरातीचा दरही याच मापावर लागतो. पान जुळवताना आधी डमीवर, म्हणजे पानाच्या कच्च्या आराखड्यावर, जाहिराती बसतात आणि उरलेल्या जागेत बातम्या. म्हणून आशय विश्लेषण, म्हणजे मजकुराची अशी मोजणी, करणारा अभ्यासक पहिल्यांदा ही वाटणी पाहतो. तालुक्याच्या पानावर हे काम केलं, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली, दशक्रिया विधी, ग्रामपंचायतीच्या निविदा आणि जाहीर नोटिसा यांनी केवढी जागा घेतली आहे, हे पट्टीच सांगते. कुणाच्या वाढदिवसाला अर्धं पान मिळतं आणि कुणाच्या मरणाला दोन ओळी, हेही तिच्यावर दिसतं.

पण मोजायचं किती? वर्षाचे साडेतीनशे अंक, प्रत्येकाची दहा-बारा पानं. सगळे वाचायचे तर एका माणसाचं वर्ष जाईल. म्हणून नमुना घ्यावा लागतो, आणि इथे बेल्ह्याचा बाजार आपल्याला शहाणं करतो.

समजा, एका विद्यार्थ्याने सोय म्हणून वर्षभरातले फक्त रविवारचे अंक निवडले. ५२ अंक झाले, भरपूर झाले, असं त्याला वाटेल. त्या ५२ अंकांत बेल्ह्याच्या बाजाराची बातमी जवळजवळ सापडणारच नाही, कारण ती मंगळवारी येते. अहवालात तो लिहील की या वृत्तपत्राला पशुधनाच्या बाजारात रस नाही. दुसऱ्याने फक्त मंगळवारचे अंक घेतले, तर त्याला वाटेल की हे वृत्तपत्र बैलांशिवाय दुसरं काही छापतच नाही. दोघांनीही मोजणी चोख केलेली असेल आणि दोघेही चुकलेले असतील. गावाचा आठवडा सपाट नसतो. बाजाराचा वार, ग्रामसभेचा दिवस, यात्रेचा हंगाम, कांद्याच्या आवकेचे महिने अशा चढउतारांवर तो चालतो आणि पेपरही त्याच्याच चालीने चालतो.

यावर तोड निघाली ती ‘रचलेल्या आठवड्या’ची. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार काढायचा, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असं रविवारपर्यंत. हे सात अंक सात वेगवेगळ्या महिन्यांतलेही असू शकतील, पण मिळून एक पूर्ण आठवडा होतो. ग्विडो स्टेम्पेल यांनी १९५२ मध्ये एका अमेरिकी दैनिकावर निरनिराळ्या आकाराचे नमुने घेऊन पाहिले. बारा अंकांच्या पुढे नमुना वाढवला तरी चित्र फारसं बदलत नाही, असं त्यांना दिसलं. १९९३ मध्ये रिफ, ऑस्ट आणि लेसी या तिघांनी ताडून पाहिलं की वर्षभराच्या अंकांसाठी असे दोन रचलेले आठवडे, म्हणजे चौदा अंक, पुरेसे होतात. साडेतीनशेच्या जागी चौदा! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. आता बसतो, पण एका अटीवर. रोज थोडं थोडं छापून येणाऱ्या विषयांना चौदा अंक पुरतात; वर्षातून एकदाच फुटणाऱ्या गोष्टीला पुरत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी आजारामुळे राज्यभरातले गुरांचे बाजार बंद झाले. सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींचा मार्ग १८ मे २०२३ रोजी कायमचा मोकळा केला आणि शर्यतीच्या बैलाला पुन्हा मोल आलं. या दोन बातम्यांनी बेल्ह्याच्या मैदानाची दोन वर्षं ठरवली. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या चौदा अंकांत त्या येतीलच, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

अंक निवडले, मजकूर मोजला. पुढचं काम अवघड: बातमी कोणत्या खणात टाकायची? यासाठी जुन्नर तालुक्याने अभ्यासकांना एक अस्सल नमुना दिला आहे, बिबट्याचा.

ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहू लागला आणि पेपरात त्याचं रोजचं घर झालं. मथळे पाहावेत. ‘बिबट्याचं दर्शन’, ‘बिबट्याचा वावर’, ‘बिबट्याची दहशत’, ‘बिबट्याचा धुमाकूळ’, ‘बिबट्या जेरबंद’. जनावर तेच, गाव तेच. कधी कधी घटनाही तीच, रस्ता ओलांडून गेलेला बिबट्या. पण ‘दर्शन’ हा शब्द देवाला, पाहुण्याला वापरायचा; ‘वावर’ घरातल्या माणसाला; ‘दहशत’ गुंडाला; आणि ‘जेरबंद’ दरोडेखोराला. शेताला आपण वावर म्हणतो, त्यामुळे ‘वावरात बिबट्याचा वावर’ असं वाक्य आपल्याकडे सहज होऊन जातं. शब्द बदलला की बिबट्या शेजारी होतो किंवा गुन्हेगार होतो. अभ्यासकांच्या भाषेत याला बातमीची ‘चौकट’ म्हणतात.

चौकटी मोजायच्या तर एकट्याच्या मतावर भागत नाही. दोन माणसांना वेगवेगळं बसवून त्याच शंभर बातम्या वाचायला देतात. प्रत्येकाने ठरवायचं: ही बातमी भय दाखवते की नुसती नोंद करते? मग दोघांचे तक्ते जुळवायचे. ऐंशी ठिकाणी एकमत झालं, तर ऐंशी टक्के म्हणून खूश होऊन चालत नाही, कारण दोनच खण असतील तर डोळे मिटून खुणा केल्या तरी निम्म्या जुळतात. हे योगायोगाचं एकमत वजा करून खरं एकमत काढायची रीत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिली आणि ती आजही वापरतात. माझ्या मते या शास्त्रातला हा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. आपण वाचलं ते खरोखर कागदावर होतं की आपल्या डोक्यात, याची इथे परीक्षा होते.

बिबट्याच्या बातम्यांवर असं काम झालेलं आहे. सलोनी भाटिया, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांतल्या बिबट्याविषयीच्या मजकुराचा सूर आणि चौकट तपासली. तो निबंध २०१३ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला. बिबट्या पेपरात येतो तो मुख्यतः हल्ल्याच्या आणि धोक्याच्या निमित्ताने, हे त्यातून दिसतं. त्याआधी, २०११ मध्ये, विद्या अत्रेय आणि त्यांच्या दुसऱ्या सहकाऱ्यांचा जुन्नर परिसरावरचा निबंध त्याच नियतकालिकात आला होता. तो वृत्तपत्रांवर नाही, पण शेजारी ठेवून वाचला पाहिजे. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मग बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम झाली आणि २००१ ते २००३ मध्ये ही संख्या १७ वर गेली. जागा हरवलेलं जनावर अनोळखी मुलखात जास्त बिथरतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता मथळ्यांकडे परत येऊ. ‘बिबट्याचा बंदोबस्त करा’, ‘पिंजरा लावण्याची मागणी’ ही वाक्यं तालुक्याच्या पानाला पाठ आहेत. पोर गमावलेल्या घराने पिंजरा मागितला तर त्यात गैर काही नाही. त्या आईपुढे कोणताही अभ्यासक मान वर करू शकणार नाही. पण पिंजऱ्यानंतर काय होतं, ही बातमी मागणीच्या बातमीएवढ्या जागेत आली का? हे मोजता येतं. कॉलम सेंटीमीटर इथे माणसांच्या जिवाशी जाऊन भिडतात, आणि म्हणूनच ही मोजणी मला कोरडी वाटत नाही.

मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांचा अभ्यास झाला. जुन्नर, ओतूर, बेल्ह्याच्या वाचकापुढे येणाऱ्या मराठी तालुका पानाचा असा अभ्यास करायचा तर मोठी अडचण येते. अडचण आवृत्तीची आहे.

ती समजायला ‘सकाळ’कडे वळावं लागेल. नारायण भिकाजी उर्फ नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून, डॉक्टरेट घेऊन आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला. तोवर मराठी वृत्तपत्र म्हणजे मुख्यतः अग्रलेख. संपादकाचं मत पुढे आणि बातमी मागे. परुळेकरांनी बातमी पुढे आणली आणि गावोगाव वार्ताहर नेमले. रस्ता, पाणी, बाजारभाव, शाळा यांना त्यांनी मथळा दिला.

या वृत्तपत्राच्या पानांची नोंद देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कायमची राहिली आहे. किती पानं द्यायची आणि किती किंमत घ्यायची, हे सरकारने १९५६ च्या कायद्याने आणि १९६० च्या आदेशाने बांधून द्यायचं ठरवलं. ‘सकाळ’ने आव्हान दिलं आणि सप्टेंबर १९६१ मध्ये निकाल ‘सकाळ’च्या बाजूने लागला. निकालात तपशील आहे: आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं, किंमत ७ नवे पैसे, रविवारी दहा पानं, १२ नवे पैसे, सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना, रोजचा खप ५२,००० आणि रविवारचा ५६,००० असल्याचं वृत्तपत्राचं म्हणणं. आशय विश्लेषण करणाऱ्याला हवी असलेली सगळी मापं न्यायाधीशांच्या मेजावर होती. पानं कमी केली की मजकूर जातो, किंमत वाढवली की वाचक जातो, आणि दोन्हीकडून विचार पोचण्याची वाट अरुंद होते, हे न्यायालयाने मान्य केलं. बेल्ह्याच्या बाजूने मी याचा अर्थ असा लावतो: सहाची चार पानं झाली की राजधानीची बातमी जात नाही, बाजाराच्या चार ओळी जातात.

पुढे उलटा प्रवाह आला. ऑफसेट छपाई, साक्षरता, लोकांच्या हातात आलेला थोडा पैसा आणि गावाकडे गिऱ्हाईक शोधत निघालेले जाहिरातदार, यांच्या जोरावर भारतीय भाषांतली वृत्तपत्रं जिल्ह्यांत आणि तालुक्यांत पसरली. ऑस्ट्रेलियात काम करणारे अभ्यासक रॉबिन जेफ्री यांनी हा बदल गावं, छापखाने आणि मालकांची दालनं फिरून नोंदवला. १९९७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांची लेखमाला आली, त्यात मराठीवरही लेख होता, २००० मध्ये ‘इंडियाज न्यूजपेपर रेव्होल्यूशन’ हे पुस्तक आलं. वाचकाला आपल्या गावाचं नाव छापलेलं पाहायचं असतं आणि ते दिसलं की तो अंक विकत घेतो, हे मालकांना उमगलं. जिल्हा आवृत्त्या निघाल्या, तालुक्याला पान मिळालं. बेल्ह्यासारख्या गावातून बातमी देणारा माणूस अनेकदा एकाच वेळी वार्ताहर, अंकविक्रेता आणि जाहिरात गोळा करणारा असतो. ज्याची जाहिरात आणायची, त्याच्याबद्दलच बातमी द्यायची असते. त्याच्या बातमीचा अभ्यास करताना हे ओझं विसरून चालणार नाही.

तर बेल्हे पेपरात आलं. कोणाच्या पेपरात? बेल्ह्याच्याच. तालुक्याचं पान तालुक्यात वाचलं जातं. शंभरेक किलोमीटरवर पुण्यात त्याच नावाचा, त्याच तारखेचा अंक निघतो आणि त्या जागी कोथरूडचं किंवा हडपसरचं पाणी असतं. बेल्ह्यातल्या माणसाला आपली व्यथा छापून आल्याचं समाधान मिळतं, पण ज्या कचेरीतल्या साहेबाने ती वाचायला हवी, तो शहराची आवृत्ती वाचतो. मला तालुका पानाची ही सगळ्यात दुखरी बाजू वाटते. पूर्वी चार ओळी यायच्या, पण त्या साऱ्या जिल्ह्याला दिसायच्या. आता अर्धं पान येतं आणि ते वेशीच्या आत फिरतं.

विपुल मुद्गल यांनी २०११ मध्ये हिंदी-इंग्रजीतल्या सहा मोठ्या दैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रामीण भारताच्या प्रश्नांना एकूण मजकुराच्या सुमारे २ टक्के जागा मिळते, असं त्यात निघालं. आकडा अस्वस्थ करणारा आहे. मराठीत कुणी असा अभ्यास करायला घेतला, तर मी त्याला पहिला प्रश्न विचारेन: आवृत्ती कोणती? शहराची घेतली तर गाव दिसणार नाही. तालुक्याची घेतली तर गावाशिवाय काही दिसणार नाही. दोन्ही शेजारी ठेवून, कोणती बातमी तालुक्याच्या पानावरून जिल्ह्याच्या आणि तिथून पहिल्या पानावर चढली, याचा माग काढला तर काही कळेल. माझ्या अंदाजाने बिबट्या चढतो, अपघात चढतो, टोमॅटो रस्त्यावर ओतले तर तेही चढतात. बाजारभाव चढत नाही.

आता वाचकाकडे. खप आणि वाचक या दोन गोष्टी निराळ्या. विकलेल्या प्रतींचा दाखला १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स देते. एक प्रत किती जणांनी वाचली, हे मात्र माणसांना विचारूनच कळतं. त्यासाठी इंडियन रीडरशिप सर्व्हे तीन लाखांहून अधिक घरांत जात असे. २०२० च्या साथीनंतर ते काम बराच काळ थांबलं. एवढी घरं घेतली तरी देशाच्या मानाने एखाद्या गावाच्या वाट्याला त्यातलं काय येणार? राज्याचं चित्र निघतं, जिल्ह्याचं अंधुक निघतं, बेल्ह्याचं निघत नाही.

गावात एक प्रत कशी फिरते, ते पाहावं. सकाळी चहाच्या टपरीवर अंक येतो आणि त्याची पानं सुटी होतात. एकाकडे क्रीडा, एकाकडे राशिभविष्य, एकाकडे तालुका. केशकर्तनालयात तोच अंक दुपारपर्यंत चालतो. चष्मा विसरलेले आजोबा शेजारच्या पोराला म्हणतात, “बाळा, कांद्याचं काय लिहिलंय रे?” आणि पोर आळेफाट्याचा भाव मोठ्याने वाचतं. या व्यवहारात वाचक कोण? पाहणीत विचारतात, काल तुम्ही कोणतं वृत्तपत्र वाचलं? आजोबा सांगतील, “मी नाय वाचत.” आणि भाव ऐकून माल आज काढायचा की उद्या, हे तेच ठरवणार.

सांगणं आणि करणं यातलं हे अंतर जॉर्ज गॅलप यांनी ओळखलं होतं. जनमत चाचण्यांमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या गॅलप यांनी १९२८ मध्ये आयोवा विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली, ती वृत्तपत्राच्या वाचकांवर. त्यांची रीत साधी होती. आदल्या दिवशीचा कोरा अंक घेऊन वाचकाशेजारी बसायचं आणि पान उलटत, रकान्यावर बोट ठेवत विचारायचं: हे वाचलं? कुठपर्यंत? नुसतं विचारलं तर लोक अग्रलेख सांगत. बोट ठेवून विचारलं की चित्रं आणि व्यंगचित्रमालिका निघत. बेल्ह्यात ही रीत आजही चालेल. माझा कयास आहे की बोट सगळ्यात आधी दशक्रियेच्या चौकटींवर थांबेल, कारण कुठल्या गावाला कधी जायचं, हे तिथून ठरतं. मोठ्या शहरातल्या समीक्षकाला त्या चौकटी म्हणजे वाया गेलेली जागा वाटते. नात्यागोत्याच्या मुलखात ती सगळ्यात उपयोगाची बातमी आहे.

वाचकाला कळून घेण्याची आणखी एक वाट आहे: पेपर बंद पडला की काय होतं? १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पेपर वाटणाऱ्यांचा १७ दिवस संप झाला. बर्नार्ड बेरेलसन यांनी त्या काळात वाचकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४९ मध्ये निष्कर्ष मांडले. जगात काय चाललंय ते कळत नाही, अशी तक्रार सगळ्यांनी केली, पण नेमकी कोणती बातमी राहून गेली, हे फार थोड्यांना सांगता आलं. चुकत होती ती सकाळची सवय, चारचौघांत बोलायला लागणारा विषय, दुकानांच्या जाहिराती. महाराष्ट्रात एप्रिल २०२० मध्ये तशीच वेळ आली. सरकारने घरोघरी अंक टाकण्यावर बंदी घातली आणि अंक पीडीएफ होऊन मोबाइलवर फिरू लागले. तालुक्याच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर गावातून मुंबईला, भिवंडीला, सुरतेला गेलेल्या पोरांपर्यंत पोचला. वेशीच्या आत फिरणारं पान तेव्हा वेशीबाहेर पडलं. त्या महिन्यांत कुणी बोट ठेवून विचारलं असतं, तर फार मोलाचं काही हाती लागलं असतं.

राहिला प्रश्न साठवणीचा, आणि तो मला सगळ्यांत कळीचा वाटतो. इंग्रज सरकार देशी भाषांतली पत्रं दर आठवड्याला वाचून घेत असे. मुंबई इलाख्यात सरकारी भाषांतरकार त्यांतले उतारे इंग्रजीत करून गोपनीय अहवाल तयार करत. त्याला पत्रांची यादी जोडलेली असे: नाव, गाव, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप. हेतू पाळतीचा होता. पण जुन्या कितीतरी मराठी पत्रांचे अंक आज मिळत नाहीत आणि त्यांतल्या मजकुराचा माग या अहवालांतूनच लागतो. सत्यशोधक चळवळीचं ‘दीनबंधू’ कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ च्या सुमारास ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं आणि गावजोशांच्या हक्काचा वाद हायकोर्टापर्यंत गेला, तो बेल्ह्याच्याच तालुक्यातला. अशा वादांचा इतिहास लिहायला बसलेल्याला ‘दीनबंधू’चे उपलब्ध अंक, हे अहवाल आणि कोर्टाचे कागद एकमेकांना जोडून वाचावे लागतात. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ काढलं आणि नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते १९६७ पर्यंत चालवलं. खेड्यात लिहिलेलं, खेड्यात छापलेलं आणि तिथून टपालाने बाहेर पडणारं पत्र. आजच्या तालुका पानाची वाट नेमकी उलटी आहे: मजकूर गावातून जातो, शहराजवळच्या छापखान्यात छापला जातो आणि गावातच परत येऊन संपतो.

संपतो म्हणजे अक्षरशः संपतो. ग्रंथालयात जी आवृत्ती येते, तीच बांधली जाते. पुण्यातल्या ग्रंथालयात पुण्याची, मुंबईतल्या ग्रंथालयात मुंबईची. बेल्ह्याचं पान महिन्याअखेरीला रद्दीत जातं, किलोवर विकलं जातं आणि भजी बांधायला येतं. शंभर वर्षांनी कुणी २०२३ सालचा ‘अमुक दैनिकाचा अंक’ मागवेल, तेव्हा त्याच्यापुढे शहराचं पान येईल आणि त्या सालात बेल्ह्यात काही घडलंच नाही, असं त्याला वाटेल. १८८४ चं ओतूर आपल्याला दिसतं, कारण कुणीतरी, भले पाळतीसाठी का होईना, कागद ठेवले. ग्रामपंचायतीचं वाचनालय, एखादी शाळा किंवा कॉलेज यांनी आपल्या गावाची आवृत्ती ठेवली, वर्षाला चौदा अंक नीट ठेवले तरी, पुढच्या अभ्यासकाचं बरंच काम होईल.

तोवर उरतात ती घराघरांतली कात्रणं. मुलगी दहावीला पहिली आली, बैलाने शर्यतीच्या घाटात पहिला नंबर मारला, आजोबांचा सत्कार झाला. बातमी कापून, लॅमिनेट करून दुकानात लावलेली असते किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत जपलेली असते. कापताना हौसेने अगदी कडेकडेने कापलेली असते, त्यामुळे पेपराचं नाव गेलेलं असतं, तारीख गेलेली असते. अशा कात्रणाचं साल काढायचं तर ते पिशवीतून हळूच बाहेर घेऊन उलटं करावं लागतं. मागच्या बाजूला अर्धी कापलेली जाहिरात असते, एखाद्या सिनेमाचा खेळ असतो, किंवा आळेफाट्याच्या कांद्याचा दहा किलोचा भाव असतो.